उन्हाळ्यातलं वेळापत्रक

उन्हाळ्यातला पारा पाहता एक गोष्ट नक्की: नागपुरात मे महिन्यात दुपारी १२ ते ४ मध्ये जड काम लिहून ठेवणं म्हणजे ते टाळायचीच सोय. लिखाण, हिशेब, अभ्यास सकाळी साडेसहा ते साडेनऊत बसवा. कूलरसमोरची दुपार फोन न् बिलांसाठी.

टाळाटाळ दरवेळी आळसातून येत नाही, बरेचदा काम मोघम लिहिलेलं असतं. 'प्रबंध पूर्ण करणे' वाचून कोणाचाही हात पुढे जात नाही. 'सोमवारी ७ वाजता, चहानंतर, तक्ता २ खालच्या दहा ओळी' असं लिहा. कधी, कुठे, कशानंतर. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांचा १९९९ चा लेख याच मुद्द्यावर आहे.

वेळेचा अंदाज दीडपट धरा, आपण तो कमीच लावतो. आणि दर दोन तासांमागे अर्धा तास रिकामा सोडा. नाहीतर वर्धा रोडवर एकदा अडकलं की पुढचं सगळं घसरतं, मग माणूस अख्खी यादीच सोडून देतो. (नवी डायरी, रंगीत पेनं आणायला बर्डीच्या बाजारात जाणं हीसुद्धा टाळाटाळच बरं का!)

राहिलेल्या कामाला त्याच रात्री नवी वेळ द्या. तीनदा सरकलं तर २५ मिनिटांत उरकेल एवढा तुकडा पाडा, नाहीतर सरळ खोडून टाका.