डगन स्ट्रीटच्या शाळेतले विद्यापीठ

कॅनडातल्या आल्बर्टा प्रांताच्या राजधानीत, एडमंटनमध्ये, नदीच्या दक्षिण तीरावर राहायला आल्यापासून माझ्या संध्याकाळच्या फेरफटक्याच्या वाटेवर एक जुनी, विटांची प्राथमिक शाळा लागते. क्वीन अलेक्झांड्रा हे तिचे आजचे नाव. पूर्वी ती डगन स्ट्रीटची शाळा म्हणून ओळखली जात असे. सप्टेंबर १९०८ मध्ये या शाळेच्या वरच्या मजल्यावर आल्बर्टा विद्यापीठाचे पहिले वर्ग भरले. विद्यार्थी ४५, प्राध्यापक चार आणि त्यांच्यावर एक अध्यक्ष, एवढाच संसार होता. खालच्या मजल्यावर मुले पाढे घोकत असताना वर लॅटिन आणि गणित शिकवणाऱ्या त्या चौघांची काय तारांबळ उडत असेल, याची कल्पना करायला मला नेहमी मजा वाटते.

आल्बर्टा प्रांतच मुळी १९०५ साली जन्माला आला होता. महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठा प्रदेश आणि १९०६ च्या गणनेनुसार लोकवस्ती पावणेदोन लाखांच्या थोडी वर. सरकारकडे दहा डॉलर भरून १६० एकर जमीन आपल्या नावावर लावून घ्यायची, ठरलेली मुदत तिथे राहून ती कसायची आणि मग मालकी मिळवायची, या व्यवस्थेमुळे युक्रेन, जर्मनी, स्कँडिनेव्हिया, इंग्लंड आणि अमेरिकेतून माणसे येत होती. पुष्कळांच्या घराच्या भिंती अजून गवताळ मातीच्या ढेपांच्याच होत्या. अशा प्रांताच्या विधिमंडळाने आपल्या पहिल्याच अधिवेशनात, १९०६ साली, विद्यापीठाचा कायदा संमत केला. प्रांताचे पहिले प्रीमियर, म्हणजे मुख्यमंत्री, अलेक्झांडर कॅमेरॉन रदरफर्ड यांच्याकडेच शिक्षण खाते होते आणि विद्यापीठ हा त्यांच्या मनातला जुना संकल्प होता. ते स्वतः स्ट्रॅथकोनाचे, म्हणजे आज एडमंटनचा भाग असलेल्या पण तेव्हा वेगळ्या असलेल्या दक्षिण तीरावरच्या शहराचे, रहिवासी आणि आमदार. राजधानी एडमंटनला गेल्यावर विद्यापीठ तरी आपल्याला मिळेल अशी प्रांतातल्या दुसऱ्या मोठ्या शहराची, कॅल्गरीकरांची, अपेक्षा होती. पण १९०७ साली सरकारने नदीकाठची २५८ एकर जमीन विकत घेतली ती स्ट्रॅथकोनात, एडमंटनच्या थेट समोरच्या तीरावर. कॅल्गरीकरांच्या मनातला तो सल पुढे कित्येक दशके गेला नाही. आपल्याकडच्या विद्यापीठांच्या जागांवरून झालेली रणे पाहिलेल्या कोणालाही यात नवल वाटणार नाही.

अध्यक्ष म्हणून रदरफर्ड यांनी निवडले ते मॉन्ट्रियलच्या मॅगिल विद्यापीठातील हेन्री मार्शल टोरी यांना. नोव्हा स्कोशियातल्या खेड्यात वाढलेला, गणित आणि भौतिकशास्त्राचा हा माणूस १९०८ च्या आरंभी एडमंटनला दाखल झाला. इमारत नाही, ग्रंथालय नाही, विद्यार्थी नाहीत, अशा विद्यापीठासाठी प्राध्यापक गोळा करत तो फिरत होता. इंग्रजीचे पहिले प्राध्यापक एडमंड केम्पर ब्रॉडस तेव्हा हार्वर्डमध्ये होते. ज्या प्रांताचे नाव कधी ऐकले नाही त्या प्रांतातल्या, अजून अस्तित्वातच न आलेल्या विद्यापीठाचा अध्यक्ष आपल्या दारात येऊन नोकरी देऊ करतो, हा प्रकार त्यांना निव्वळ वेडेपणा वाटला होता. आपण होकार दिला तो पदाला किंवा पगाराला पाहून नव्हे, तर त्या माणसाला पाहून, असे त्यांनी पुढे लिहून ठेवले आहे.

त्याच वर्षी भरलेल्या पहिल्या दीक्षान्त समारंभात टोरी यांनी जे भाषण केले, त्याचा आशय असा की ज्ञान ही केवळ विद्वानांची मिरास राहू नये अशी लोकांचीच मागणी आहे आणि समस्त जनतेची उन्नती हेच विद्यापीठाचे अंतिम ध्येय असेल. अशी वाक्ये दीक्षान्त समारंभात सगळीकडेच उच्चारली जातात आणि मंडप उतरवला की विसरली जातात. टोरी यांना मात्र ती विसरणे परवडणारे नव्हते. विद्यापीठाचा खर्च भागणार होता तो शेतकऱ्यांच्या करांतून, आणि आपले पोर तिथे कधी पाऊल टाकेल याची त्यातल्या बहुतेकांना शाश्वती नव्हती. ज्यांच्यासाठी दार उघडले ते दारापर्यंत पोहोचूच शकत नसतील, तर त्यांच्या दारापर्यंत आपण गेले पाहिजे, हा हिशेब त्यांच्या मनात पक्का होता. त्यात जितका ध्येयवाद होता तितकाच व्यवहारही होता, आणि म्हणूनच तो टिकला असे मला वाटते.

१९१२ साली विद्यापीठात एक्स्टेन्शन विभाग सुरू झाला. पुणे-मुंबईच्या विद्यापीठांत ज्याला आपण ‘बहिःशाल शिक्षण’ म्हणतो, तेच हे काम. विभागाची धुरा आली अल्बर्ट एडवर्ड ऑटवेल यांच्याकडे. ते याच विद्यापीठाचे १९१२ चे पदवीधर आणि ‘द गेटवे’ या विद्यार्थी वृत्तपत्राचे पहिले संपादक. धिप्पाड देहाचा, खणखणीत आवाजाचा हा गृहस्थ फोर्ड गाडीत मॅजिक लँटर्न आणि काचेच्या चित्रपट्ट्या घालून प्रांतभर हिंडत असे. रस्ते म्हणजे बहुधा शेताच्या कडेच्या चाकोऱ्या. पावसात चिखल आणि हिवाळ्यात उणे तीस अंश. मुक्काम एकखोली शाळेत. मुलांच्या बाकांवर अवघडून बसलेले शेतकरी, मांडीवर पेंगणारी लहान मुले, मागे भिंतीला टेकून उभे राहिलेले गडी, आणि समोर ताणलेल्या पांढऱ्या कापडावर एकामागून एक उमटणारी दूरच्या देशांची चित्रे. तिथल्या अनेकांनी भिंतीएवढे चित्र तेव्हाच प्रथम पाहिले असेल.

मला स्वतःला या साऱ्यात सर्वांत मोलाची वाटते ती फिरती ग्रंथपेटी. एडमंटनहून पुस्तकांनी भरलेली पेटी रेल्वेने एखाद्या आडगावच्या स्टेशनवर उतरायची, तिथून घोडागाडीने किंवा बर्फावरच्या घसरगाडीने शाळेत, दुकानात किंवा कोणाच्या घरी जायची. ठरलेले दिवस गावात राहायची आणि मग दुसऱ्या गावाकडे रवाना व्हायची. त्याखेरीज गावोगावच्या वादविवाद मंडळांसाठी एकेका विषयावरची कात्रणे आणि पुस्तिका टपालाने पाठवल्या जात. सहा महिने बर्फात कोंडून पडलेल्या घराला नवे पुस्तक हातात पडल्यावर काय वाटत असेल, हे इथला एक हिवाळा काढल्याशिवाय कळणे कठीण आहे.

१९१८ च्या शरद ऋतूत इन्फ्लुएंझाची साथ पसरली तेव्हा आवारातल्या पेम्बिना हॉल या वसतिगृहाचे रुग्णालय करण्यात आले. पहिल्या चार प्राध्यापकांपैकी विल्यम म्युर एडवर्ड्स तिथे रुग्णांची सेवा करत राहिले आणि नोव्हेंबरमध्ये त्याच आजाराने गेले. पेम्बिना हॉल आजही उभा आहे. त्याच्या पायऱ्यांवर विद्यार्थी कॉफीचे पेले घेऊन बसलेले असतात.

१९२१ साली प्रांतात शेतकऱ्यांच्याच संघटनेचे, युनायटेड फार्मर्स ऑफ आल्बर्टाचे, सरकार आले. टोरी यांचा हिशेब बरोबर ठरल्याची साक्ष म्हणून मी २१ नोव्हेंबर १९२७ या दिवसाकडे पाहतो. याच सरकारच्या काळात, त्या दिवशी, एक्स्टेन्शन विभागाने ‘सीकेयूए’ हे स्वतःचे रेडिओ केंद्र सुरू केले. नावातली शेवटची दोन अक्षरे विद्यापीठाची. जिथे ऑटवेल यांची फोर्ड फार तर वर्षातून एकदा पोहोचायची, त्या घरात आता प्राध्यापकाचे व्याख्यान आणि संगीत थेट ऐकू येऊ लागले. पुढच्याच वर्षी विभाग एडवर्ड कॉर्बेट यांच्या हाती आला. मंदीने शेतकरी पिचून गेलेला असताना, १९३३ च्या उन्हाळ्यात, त्यांच्या विभागाने रॉकी पर्वतातल्या बॅन्फ गावी नाट्यशिक्षणाचा वर्ग काढला. गहू कवडीमोलाने विकला जात असताना नाटक कसले शिकवता, असे तेव्हा कोणी ना कोणी नक्कीच म्हटले असणार. त्या वर्गाचे आजचे रूप म्हणजे जगप्रसिद्ध बॅन्फ सेंटर.

एक गोष्ट मात्र या कौतुकाच्या भरात नजरेआड करता येत नाही. ‘समस्त जनता’ म्हणताना टोरी यांच्या डोळ्यांसमोर नव्याने आलेले वसाहतकार होते. शहराच्या याच दक्षिण भागात पापाशेस क्री या मूलनिवासी लोकांची राखीव भूमी होती आणि ती १८८८ साली, म्हणजे विद्यापीठाच्या वीसच वर्षे आधी, त्यांच्या हातून काढून घेतली गेली. ग्रंथपेटीच्या कहाण्यांत ते लोक कुठेच भेटत नाहीत.

कॉर्बेट पुढे कॅनडाच्या प्रौढशिक्षण संघटनेचे संचालक झाले आणि त्या संघटनेच्या सहभागातून १९४१ साली देशभर ‘फार्म रेडिओ फोरम’ सुरू झाला. सोमवारी रात्री शेजारीपाजारी एखाद्या घरी जमायचे, आधी टपालाने आलेली पुस्तिका वाचलेली असायची, मग कार्यक्रम ऐकायचा, त्यावर चर्चा करायची आणि आपले मत लिहून कळवायचे. हीच पद्धत युनेस्कोच्या मदतीने १९५६ साली भारतात प्रथम आजमावली गेली ती आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून, आसपासच्या पाच जिल्ह्यांतल्या १५० गावांमध्ये. एडमंटनच्या एक्स्टेन्शन विभागाचा इतिहास चाळताना अचानक पुण्याचे नाव समोर आले, तेव्हा मी वाचता वाचता थांबलो होतो. नाशिक, नगर, कोल्हापूरकडच्या गावकऱ्यांनी रेडिओभोवती बसून मराठीतले वीस कार्यक्रम ऐकले, त्यावर वाद घातले आणि आपले प्रश्न पुणे केंद्राकडे लिहून पाठवले. त्यांची उत्तरे पुढच्या कार्यक्रमांतून दिली जात असत.