तुम्ही विचारलेत म्हणून: वडिलांच्या खुनानंतरही शांततेची बाजू कशी घेता येते?

राजा शहादे या पॅलेस्टिनी लेखकाविषयी मी कुठेही बोललो की शेवटी एक प्रश्न हमखास येतो. ज्याचे घराणे त्याच्या जन्माआधीच, आज इस्राएलमध्ये असलेल्या याफा शहरातून परागंदा झाले, ज्याने गावोगावच्या जमिनी डोळ्यांदेखत जाताना पाहिल्या, ज्याच्या वडिलांचा घराच्या दारात भोसकून खून झाला, तो माणूस इस्राएली मित्राशी नाते टिकवतो, सूडाची भाषा करत नाही आणि शांततेची मागणी सोडत नाही; याला मोठे मन म्हणायचे, भाबडेपणा म्हणायचा की हतबलता? मला हे तिन्ही शब्द अपुरे वाटतात. माझी सारी वकिली सातबारा, फेरफार आणि वहिवाटीच्या दाव्यांत गेली, त्यामुळे शहादे मी प्रथम वाचले ते एका दूरच्या समव्यवसायिकाचे लेखन म्हणून. त्यांच्या शांततेची मुळे त्यांच्या वकिलीत आहेत, असे मला तेव्हा वाटले आणि आजही वाटते.

सुरुवात वडिलांपासून करावी लागते. अझीझ शहादे हे याफातले नावाजलेले वकील. १९४८च्या एप्रिलमध्ये लढाई शहरापर्यंत आली तेव्हा थोड्या दिवसांत परतू, अशा समजुतीने हे कुटुंब रामल्लातल्या आपल्या उन्हाळी घरी गेले आणि परतीची वाट कायमची बंद झाली. रामल्ला डोंगरावर असल्याने रात्री पश्चिमेला समुद्रकाठचे दिवे दिसत, आणि ते दिवे याफाचे आहेत असे मानून घरातली मंडळी ते पाहत राहिली. राजा यांचा जन्म १९५१चा, त्यामुळे न पाहिलेल्या त्या शहराची ओढ त्यांना या दिव्यांतूनच मिळाली. १९६७च्या अरब-इस्राएल युद्धानंतर मधली सीमा उघडली आणि अझीझ जुन्या शहरात जाऊन आले, तेव्हा त्यांना उमगले की इतकी वर्षे लखलखताना दिसत होते ते शेजारच्या तेल अवीवचे दिवे होते. याफा तर जवळजवळ ओस पडले होते. राजा यांनी आपल्या आठवणींच्या पुस्तकात हा प्रसंग लिहिला आहे आणि मला तो त्या पुस्तकाचा गाभा वाटतो.

त्या युद्धाला काही आठवडे होतात न होतात तोच अझीझ यांनी लेखी प्रस्ताव मांडला की इस्राएलला मान्यता द्यावी आणि त्याच्या शेजारी स्वतंत्र पॅलेस्टिनी राज्य उभे राहावे. आज हे कोणत्याही मुत्सद्द्याच्या तोंडी असते, पण १९६७ साली असे बोलणे जिवावर बेतणारे होते. अरब रेडिओने त्यांना देशद्रोही ठरवले आणि इस्राएली सरकारने प्रस्तावाची दखलही घेतली नाही. निर्वासितांची बँकांत गोठवलेली खाती मोकळी करून घेण्यासाठी १९५०च्या दशकात बार्कलेज बँकेशी झुंजून जिंकलेल्या या वकिलाला दोन्ही बाजूंनी एकटे पाडले. मुलाला शांततेचा विचार वारशात मिळाला तो हा असा, किंमत मोजलेला.

राजा बैरूतच्या अमेरिकन विद्यापीठात साहित्य आणि तत्त्वज्ञान शिकले, पुढे लंडनला कायदा शिकून रामल्लाला परतले आणि वडिलांच्या कार्यालयात काम करू लागले. रामल्ला ज्यात येते आणि १९६७च्या युद्धात जॉर्डनकडून इस्राएलच्या ताब्यात गेला त्या वेस्ट बँकमध्ये तेव्हा इस्राएली लष्करी अधिकाऱ्याच्या सहीचा हुकूम हाच कायदा होता आणि हे हुकूम वकिलांनाही सहजी मिळत नसत. १९७९ साली सहकाऱ्यांच्या साथीने त्यांनी ‘अल-हक’ ही संस्था स्थापन केली. तिने घोषणा देण्याऐवजी हुकूम गोळा करून त्यांचे विश्लेषण केले आणि साक्षीदारांचे जबाब शपथेवर नोंदवले. याच काळात त्यांनी ‘सुमूद’, म्हणजे आपल्या भूमीवर ठाम टिकून राहणे, या विचाराला लेखनात जागा दिली. मुकाट शरणागती आणि आंधळा द्वेष यांच्यामधला तो तिसरा मार्ग होता. तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मला इथेच सापडते.

उरलेले अर्धे जमिनीच्या कागदांत आहे, आणि तिथे थोडे रेंगाळल्याशिवाय हा लेखक कळत नाही. १९७९च्या ऑक्टोबरमध्ये इस्राएलच्या सर्वोच्च न्यायालयाने वेस्ट बँकमधल्या नाब्लुसजवळच्या एलोन मोरे या वसाहतीच्या, म्हणजे ताब्यातल्या भूमीवर इस्राएली नागरिकांसाठी वसवलेल्या वस्तीच्या, प्रकरणात निकाल दिला की सुरक्षेचे कारण सांगून घेतलेली खासगी जमीन वसाहतीसाठी वापरता येणार नाही. सरकारने वसाहती थांबवल्या नाहीत, मार्ग बदलला. १८५८चा ऑटोमन जमीन कायदा बाहेर काढण्यात आला. त्यानुसार ‘मिरी’ प्रकारची जमीन, म्हणजे मूळ मालकी राज्याची आणि कसण्याचा हक्क शेतकऱ्याचा अशी जमीन, सलग तीन वर्षे पड राहिली तर कसणाऱ्याचा हक्क संपुष्टात येऊ शकतो. त्यातच जॉर्डनच्या राजवटीत वेस्ट बँकच्या सुमारे एक तृतीयांश जमिनीचीच रीतसर नोंदणी झाली होती आणि उरलेल्या नोंदणीचे काम इस्राएलने १९६८च्या लष्करी हुकुमाने थांबवले होते. म्हणजे कागद तयार होऊ द्यायचा नाही आणि मग शेतकऱ्याकडे कागद मागायचा. ज्याने तलाठी दप्तरासमोर उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा पाहिला आहे, त्याला यातला निर्दयपणा समजावून सांगावा लागणार नाही. जमीन ‘सरकारी’ जाहीर झाली की ठरावीक मुदतीत लष्कराच्याच समितीपुढे हरकत घ्यायची आणि आपला कब्जा सिद्ध करायचा बोजा आपणच वाहायचा, अशी ती व्यवस्था होती.

अशाच एका हरकतीचा दावा शहादे यांनी चालवला आणि पुढे ‘पॅलेस्टिनियन वॉक्स’ या पुस्तकात सविस्तर मांडला. त्यांच्या अशिलाकडे कागद चोख होते. समितीने त्याची मालकी मान्यही केली. पण सरकारी अभिरक्षकाने, म्हणजे सरकारी ठरलेल्या जमिनी सांभाळणाऱ्या इस्राएली अधिकाऱ्याने, ती जमीन सरकारी आहे अशा सद्भावनेने वसाहतीसाठी दिली असल्यामुळे झालेला व्यवहार वैध राहतो, असा निर्णय दिला. मालक तूच आहेस, पण जमीन तुला मिळणार नाही. मी हे पान कितीदा वाचले असेल कोण जाणे. तिथे त्यांनी शिव्याशाप दिले असते तरी वाचकाने समजून घेतले असते. त्यांनी युक्तिवाद, कलम आणि निर्णय क्रमाने ठेवले आहेत आणि संतापाला त्या क्रमातून वाट दिली आहे.

याच पुस्तकाला २००८ साली ऑर्वेल पुरस्कार मिळाला. त्यात रामल्लाभोवतीच्या डोंगरांतली सहा भ्रमंतीवर्णने आहेत. आजोबांच्या चुलतभावाने डोंगरउतारावर रचलेला दगडी ‘कस्र’, म्हणजे पीक साठवण्याची आणि उन्हाळ्यात छतावर झोपण्याची कोरड्या दगडांची गोल खोली, आणि तिच्याजवळ त्याने स्वतःच्या हातांनी घडवलेले दगडी आसन शहादे यांना एका भटकंतीत सापडते. कोर्टात वहिवाटीचा पुरावा म्हणून जे हवे असते, तेच इथे दगडात उभे आहे.

आता १९८५. त्या वर्षीच्या २ डिसेंबरला अझीझ शहादे यांचा रामल्लातल्या घराबाहेर खून झाला. तपास इस्राएली पोलिसांकडे होता आणि त्यातून काहीच निष्पन्न झाले नाही. राजा वर्षानुवर्षे कचेऱ्यांचे उंबरठे झिजवत राहिले. मारेकरी हा हेब्रॉनमधल्या चर्चच्या जागेवर कब्जा करून बसलेला आणि अझीझ ज्याला तिथून काढण्याचा दावा चालवत होते असा, इस्राएली यंत्रणेचा खबऱ्या होता आणि म्हणूनच त्याला हात लावला गेला नाही, या निष्कर्षाला ते पोचले व त्यांनी तो लेखनात मांडला. तुम्ही ज्याला क्षमा समजता ती इथे मला दिसत नाही. त्यांनी कोणाला माफ केलेले नाही. त्यांनी एका गुन्ह्याचा ठपका एका पूर्ण समाजावर ठेवण्याचे नाकारले आहे. फौजदारी कायद्याचा हा पहिला धडा आहे आणि स्वतःच्या बापाच्या बाबतीत तो पाळणे किती कठीण असेल, याची मला कल्पनाही करवत नाही.

इस्राएली मानसशास्त्रज्ञ हेन्री अब्रामोविच यांच्याशी त्यांची मैत्री १९७७पासूनची. पहिल्या इंतिफादाच्या, म्हणजे १९८७ साली सुरू झालेल्या पॅलेस्टिनी उठावाच्या, काळात ती जवळजवळ तुटली, कारण रोजच्या दडपशाहीपुढे मित्राचे मौन शहादे यांना सोसवेना. दुरावा त्यांनी लपवला नाही. अशा मैत्रीत गोडवा कमी आणि हिशेब जास्त असतो, म्हणूनच मला ती खरी वाटते. ‘पॅलेस्टिनियन वॉक्स’च्या अखेरच्या, कल्पिलेल्या भटकंतीत ओढ्याकाठी एक तरुण वसाहतवाला भेटतो. दोघे जमिनीच्या हक्कावरून कडाडून वाद घालतात, एकमेकांचे काहीही मान्य करत नाहीत, आणि तरी शेवटी एकाच नारगिलेचे, म्हणजे हुक्क्याचे, झुरके घेत बसतात. शहादे यांनी वाद सोडून दिला नाही आणि माणूसही सोडला नाही.

१९९१ नंतर इस्राएलशी झालेल्या वॉशिंग्टनच्या शांतता वाटाघाटींत ते पॅलेस्टिनी शिष्टमंडळाचे कायदेशीर सल्लागार होते. वसाहतींचा आणि जमिनीच्या कायद्यांचा प्रश्न आधी सुटला पाहिजे, हा त्यांचा आग्रह चालला नाही आणि निराश होऊन ते बाजूला झाले. पुढे इस्राएल आणि पॅलेस्टिनी नेतृत्व यांच्यात झालेल्या ऑस्लो करारांनी वेस्ट बँकचा सुमारे ६० टक्के भाग, ज्याला ‘क’ क्षेत्र म्हणतात, पूर्ण इस्राएली नियंत्रणाखाली ठेवला. २०२१च्या ऑक्टोबरमध्ये इस्राएलने ‘अल-हक’ला दहशतवादी संघटना ठरवले.

तेव्हा शांतता आली का, असे कोणी पुढे विचारले तर उत्तर ‘नाही’ असेच आहे, आणि शहादे यांनी ते स्वतः कधी झाकलेले नाही. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या छोट्या पुस्तकात ते दक्षिण आफ्रिकेचे उदाहरण घेऊन विचारतात की तिथली वर्णद्वेषी व्यवस्था संपली, तेव्हा इस्राएलने त्यातून काहीच का घेतले नाही आणि पॅलेस्टाइनच्या अस्तित्वाचीच त्याला भीती का वाटते. ते उत्तराची वाट १९४८च्या नकबापर्यंत, म्हणजे पॅलेस्टिनींच्या मोठ्या विस्थापनापर्यंत, मागे नेतात: त्या वर्षी काय घडले हे इस्राएलने मान्य करावे, मग सीमा आणि नकाशे यांवर बोलता येईल. मला हा क्रम पूर्णपणे पटतो. आधी कब्जा कसा झाला याची नोंद, मग तडजोड. वडिलांनी १९६७ साली मान्यतेचा हात पुढे केला होता. मुलगा आज समोरच्याकडे तीच मान्यता मागतो आहे.