रेंजफाइंडर स्वतः जुळवला, आणि नव्या कॅमेऱ्याकडून काय हवं ते ठरलं

रेंजफाइंडर म्हणजे दोन प्रतिमा एकमेकींवर आणून फोकस जुळवणारी यंत्रणा, आणि ती असलेला कॅमेराही. फिल्म रेंजफाइंडरचा फोकस सरकला की दोन वाटा असतात. एकतर कॅमेरा दुरुस्तीला पाठवायचा आणि थांबायचं, नाहीतर स्वतः जुळवायचा. मी दुसरी वाट धरली आणि काम तडीस गेलं. लेन्स पूर्ण उघडी ठेवली तरी माझा कॅमेरा आता नेमका फोकस देतो. पण हे करताना माझं एक मत पक्कं झालं. पुढे कुणी नवा फिल्म रेंजफाइंडर बनवणार असेल, तर शटरचा वेग, मीटर, देखणेपण या सगळ्याच्या आधी त्यांनी एक गोष्ट बघावी: कॅमेरा वापरणाऱ्याला त्याचा रेंजफाइंडर स्वतः तपासता आणि जुळवता येतो का?

हा दोष लपून राहतो, हीच मोठी अडचण आहे. एसएलआरमध्ये आपण लेन्समधूनच बघतो, त्यामुळे अंधुक असेल ते अंधुकच दिसतं. रेंजफाइंडरमध्ये लेन्समधून आपण कधीच बघत नाही. लेन्स फिरवली की तिच्या मागचा कॅम बॉडीतल्या रोलरला ढकलतो, रोलरची दांडी आतला आरसा किंवा प्रिझम किंचित वळवते आणि पॅचमधली (फाइंडरच्या मधोमध असलेल्या छोट्या उजळ चौकोनातली) दुसरी प्रतिमा आडवी सरकते. दोन प्रतिमा एक झाल्या की फोकस झाला असं आपण धरून चालतो. या साखळीतली एक कडी केसभर हलली तर फाइंडर ‘झालं’ म्हणतो आणि निगेटिव्ह ‘नाही’ म्हणते. एफ ८ ला, म्हणजे अपर्चर (लेन्सचं छिद्र) लहान असताना, तर पत्ताच लागत नाही. ५० मिमी लेन्स, एक मीटर अंतर आणि एफ ८ असेल तर साधारण १९ सेंटीमीटर खोलीचा पट्टा स्पष्ट येतो. तीच लेन्स एफ १.४ ला उघडली की हा पट्टा जेमतेम तीन सेंटीमीटरांचा उरतो. ९० मिमीची लेन्स एफ २ ला, त्याच अंतरावर, दीड सेंटीमीटर. डोळ्यांवर फोकस करावा आणि कान स्पष्ट यावेत, असे फोटो येऊ लागले तेव्हा मी तपासणीला बसले.

तपासणीसाठी फिल्मच्या जागी ग्राउंड ग्लास, म्हणजे प्रतिमा उमटवून घेणारी खरखरीत काच, हवी. मी मॅट ॲक्रिलिकचा तुकडा नेमक्या मापाचा कापून घेतला आणि फिल्म ज्या आतल्या पट्ट्यांवर टेकते तिथे बसवला, खरखरीत बाजू लेन्सकडे करून. बाजू उलटी झाली तर खरखरीत पृष्ठभाग ॲक्रिलिकच्या जाडीइतका मागे पडतो आणि सगळी तपासणी फुकट जाते. मग कॅमेरा ट्रायपॉडवर, शटर ‘बी’ वर (बटण दाबलेलं असेपर्यंत उघडं राहणारं), लॉक होणारी केबल रिलीज लावून उघडं धरलेलं, अपर्चर पूर्ण खुलं, आणि मागून दहापट भिंग. उलटी प्रतिमा दिसते, पण दिसते ती लेन्सची खरी प्रतिमा.

माझ्या कॅमेऱ्याचं पाठीमागचं दार पूर्ण उघडतं म्हणून हे सोपं गेलं. ज्यांत फिल्म खालून भरावी लागते आणि मागे फक्त छोटी झडप असते, किंवा तीही नसते, त्या बॉडींमध्ये हेच काम फार अवघड होतं. म्हणून माझी पहिली मागणी साधी आहे: पूर्ण उघडणारं दार. कंपनीनेच फिल्म गेटमध्ये अचूक बसणारी मॅट काच करून द्यावी आणि शटरला ‘टी’ ची खूण ठेवावी, म्हणजे केबल रिलीजशिवायही शटर उघडं राहील. यात नवं तंत्रज्ञान काहीच लागत नाही.

आधी बघायचं ते दोष बॉडीत आहे की लेन्समध्ये. दुसरी लेन्स लावून तेवढाच, त्याच दिशेने फरक आला तर बॉडीकडे वळायचं. माझी एक लेन्स जुन्या स्क्रू माउंटची आहे. स्क्रू माउंटचं फ्लँज अंतर (लेन्स बसते तिथपासून फिल्मपर्यंतचं) २८.८ मिमी आणि लायकाच्या एम माउंटचं २७.८ मिमी, त्यामुळे मधली अडॅप्टर रिंग बरोबर एक मिलिमीटर जाडीची असावी लागते. रिंग बदलून पाहिली, फरक तोच राहिला. म्हणजे बॉडी.

जुळणीचे तीन भाग असतात. पहिला उभ्या दिशेचा: दोन प्रतिमा एकमेकींच्या वरखाली असतील तर त्या एका ओळीत आणणं. दुसरा इन्फिनिटीचा, म्हणजे अगदी दूरच्या वस्तूंचा. तिसरा जवळच्या अंतराचा. पहिले दोन स्क्रू माझ्या कॅमेऱ्यात ॲक्सेसरी शूच्या (वरच्या, फ्लॅश वगैरे लावायच्या खाचेच्या) पत्र्याखाली आहेत, तिसरा माउंटच्या आत, रोलरच्या दांडीपाशी. इन्फिनिटीसाठी लांबचं लक्ष्य लागतं, आणि समोरची इमारत त्याला पुरत नाही. मी दूरच्या टॉवरची अँटेना वापरली आणि रात्री चंद्र. चंद्र मला जास्त आवडला, कारण त्याच्या कडेवर आडवी आणि उभी दोन्ही चूक एकदम दिसते.

खरा कस लागतो तो पुढे. जवळचं अंतर बरोबर आणलं की इन्फिनिटी हलते, इन्फिनिटी सावरली की जवळचं किंचित बिघडतं. दोन्ही एकमेकांत गुंतलेले असतात, म्हणून फेऱ्या मारतच राहायचं. प्रत्येक फेरीला फरक कमी होत जातो. स्क्रू फिरवायचा तोही इतका कमी की वाटतं, आपण फक्त पाना टेकवला. आणि किती फिरवला याची खूण कुठेच नसते. इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवला, आणि माझी दुसरी मागणी इथूनच आली. तिन्ही स्क्रूंना बारीक टप्पे असावेत, कारखान्यातल्या मूळ जागेची खूण असावी, म्हणजे काही बिनसलं तरी तिथे परत येता येईल. जवळचा आणि लांबचा स्क्रू एकमेकांना शक्य तितका कमी हलवेल अशी रचना करावी. आणि तिन्ही जागा वरचा पत्रा न काढता, एका छोट्या झाकणाखाली मिळाव्यात.

शेवटी स्क्रूंवर नेलपॉलिशचा थेंब दिला, म्हणजे धक्क्याने ते सरकणार नाहीत. मग बारीक ग्रेनच्या कृष्णधवल फिल्मवर ४५ अंशांत तिरकी ठेवलेली पट्टी एक मीटरवरून टिपली, मधल्या आकड्यावर फोकस करून. निगेटिव्ह धुऊन भिंगाखाली पाहिली. तो आकडा सर्वांत स्पष्ट, त्याच्या अलीकडे-पलीकडे सारखाच उतार. फार बरं वाटलं.

फाइंडरकडे इतका वेळ टक लावून बघितल्यावर त्याच्या उणिवाही मनात ठसल्या. अचूकता मोजायचं एक सोपं गणित आहे: रेंजफाइंडरच्या दोन खिडक्यांमधलं अंतर गुणिले व्ह्यूफाइंडरचं मॅग्निफिकेशन (चित्र किती मोठं दिसतं ते). आकडा मोठा तितकी अचूकता जास्त. १९५४ च्या लायका एम३ मध्ये हा आकडा ६२ मिमीच्या आसपास होता. पुढच्या ०.७२ च्या फाइंडरांमध्ये तो ५० वर आला, कारण ३५ मिमीची फ्रेम मावायची तर चित्र लहान करावं लागतं. झाइसच्या झेडएम मालिकेतल्या झाइस आयकॉनने खिडक्या ७५ मिमी दूर नेऊन ०.७४ ला सुमारे ५५ मिळवले. फोइग्टलेंडरच्या बेसा मालिकेत खिडक्यांतलं अंतरच ३७ मिमी. रुंद लेन्ससाठी लहान चित्र हवं, लांब लेन्ससाठी मोठं, आणि बॉडी घेतानाच एक निवडायला लागतं.

हे असंच असायला हवं असं मुळीच नाही. कॅननने १९४९ च्या टूबी मॉडेलमध्ये फाइंडरचं मॅग्निफिकेशन तीन टप्प्यांत बदलणारी कळ दिली होती. ती कल्पना आजच्या काचा आणि कोटिंग घेऊन परत यावी असं मला मनापासून वाटतं. फोकस करताना मोठं चित्र, फ्रेम करताना लहान. आयपीसमध्येच (डोळा लावायच्या काचेत) चष्म्याच्या नंबराची चकती हवी. वेगळी काच शोधत बसणं, ती पडणं, हरवणं हे सगळं टळेल.

पॅचबद्दल मात्र मी हट्टी आहे. त्याच्या कडा धारदार हव्यात, म्हणजे प्रतिमा एक करण्याबरोबरच तुटलेली रेघ जोडूनही फोकस करता येतो. बाजूने उजेड आला तरी तो पांढरा पडू नये. आणि अर्धपारदर्शक आरशाचा मुलामा काही दशकांत विटू नये, कारण पॅच फिका झाला की स्क्रू कितीही नीट लावा, डोळ्याला काही दिसतच नाही.

फ्रेमलाइनचं, म्हणजे फोटोत किती येईल ते दाखवणाऱ्या फाइंडरमधल्या रेघांचंही काम राहिलंय. जवळ फोकस केला की त्या तिरप्या सरकून पॅरॅलॅक्स (फाइंडर आणि लेन्स वेगळ्या जागी असल्याने पडणारा फरक) सावरतात, पण त्यांचा आकार बदलत नाही. लेन्सला दिसणारा भाग मात्र अंतरानुसार बदलतो. लायका एम६ च्या फ्रेमलाइन ०.७ मीटरला जुळवलेल्या आहेत, त्यामुळे लांबच्या दृश्यात फिल्मवर फ्रेमबाहेरचंही बरंच उतरतं. कोनिकाने पन्नासच्या दशकातल्या थ्रीए मध्ये अंतराप्रमाणे लहानमोठी होणारी फ्रेम दिली होती. तिची लेन्स मात्र कायमची जोडलेली होती. बदलत्या लेन्सच्या बॉडीत हे करणं कठीण आहे हे मान्य, तरी प्रयत्न व्हावा.

शटरबद्दल थोडक्यात. कापडी पडदा नको, कारण लेन्सवर झाकण नसताना कॅमेरा सूर्याकडे तोंड करून राहिला तर त्याला भोक पडतं. धातूची पाती हवीत. बॅटरी असताना अपर्चर प्रायॉरिटी (अपर्चर आपण ठरवायचं, वेग कॅमेऱ्याने) मिळावी, आणि बॅटरी संपली तरी सगळे वेग चालावेत. २००२ च्या लायका एम७ मध्ये बॅटरीविना फक्त १/६० आणि १/१२५ उरायचे. पण निकॉनने २००१ मध्येच एफएम३ए या एसएलआरमध्ये दोन्ही एकत्र आणून दाखवलं होतं, १/४००० पर्यंत. रेंजफाइंडरला ते अजून मिळालेलं नाही.

फोकस झाल्याचा दिवा, लेझरने अंतर मोजणं वगैरे कल्पनाही लोक मांडतात. असू द्यात, मदत म्हणून. पण मूळ यांत्रिक साखळी आपल्याला तपासता येत नसेल तर तो दिवा खरं सांगतोय की नाही हेही कळणार नाही.

माझी जुळणी किती काळ टिकते ते मी बघत राहणार आहे. अधूनमधून मॅट काच लावून तपासायचं ठरवलंय, विशेषतः प्रवासातून आल्यावर. नव्या कॅमेऱ्याच्या खोक्यात ती काच, योग्य मापाचा पाना आणि तीन स्क्रूंचा क्रम सांगणारं एक छापील पान असेल, तर त्यासाठी थोडी जड बॉडीही मी आनंदाने वागवीन.