तुम्ही विचारलंत म्हणून : त्या व्याख्यानातून काय मिळाले?

एका ज्येष्ठ ग्राफिक डिझायनरचे व्याख्यान ऐकून आल्याचे मी सांगितले की बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात : ज्यांची उमेदीची वर्षे ब्रश, कटर आणि ट्रेसिंग पेपर यांच्यात गेली, त्यांच्याकडून संगणकावर काम करणाऱ्या विद्यार्थिनीने नेमके काय घ्यायचे? प्रश्न रास्त आहे. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, की साधनांविषयी ते जवळजवळ बोललेच नाहीत. त्यांचा सारा भर मोजमाप आणि नजर यांच्यातल्या तफावतीवर होता.

सुरुवातीला त्यांनी पडद्यावर फक्त एक चौरस आणि एक वर्तुळ दाखवले. दोन्हींची उंची तंतोतंत सारखी होती, तरीही वर्तुळ लहान वाटत होते. मग त्यांनी वर्तुळ वर आणि खाली केसभर वाढवले आणि दोन्ही आकार बरोबरीचे दिसू लागले. रोमन लिपीतला ‘ओ’ हा ‘एच’पेक्षा किंचित उंच काढतात तो याचसाठी, हे मी पुस्तकात वाचले होते; पण ती दुरुस्ती डोळ्यांदेखत घडताना पाहणे निराळे. त्यानंतर त्यांनी व्हिडिओच्या प्ले बटणातला त्रिकोण घेतला. सॉफ्टवेअरची अलाइन आज्ञा देऊन तो वर्तुळाच्या मध्यावर बसवला, तर त्याचा जड भाग डावीकडे असल्यामुळे तो डावीकडे सरकल्यासारखा दिसतो, आणि थोडा उजवीकडे ढकलला की मगच मधोमध वाटतो. सॉफ्टवेअर आकाराभोवतीची चौकट मोजते, आपण मात्र त्याचे वजन पाहतो, एवढेच स्पष्टीकरण देऊन ते पुढे गेले.

विद्यार्थ्यांची काही पोस्टर्स त्यांनी उलटी टांगायला लावली आणि डोळे किलकिले करून पाहायला सांगितले. मजकूर वाचता येईनासा झाला की मांडणीतले वजन कुठे साचले आहे ते कळते, असे त्यांचे म्हणणे होते, आणि ते लगेच पटले. ग्राहकांचे किस्से रंजक होते, पण तसे किस्से या व्यवसायातल्या कोणाकडूनही ऐकायला मिळतात.

माझे मतभेद झाले ते नकाशांपाशी. हॅरी बेक हे विद्युत मंडलांची रेखाटने करणारे गृहस्थ. त्यांनी आखलेला लंडनच्या भुयारी रेल्वेचा नकाशा १९३३ मध्ये प्रवाशांच्या हाती आला. आडव्या, उभ्या आणि ४५ अंशांतल्या रेषांवर त्यांनी सारे मार्ग बसवले, शहराचा गजबजलेला मध्यभाग मोठा केला आणि उपनगरे आक्रसून घेतली. जमिनीखालून जाणाऱ्या माणसाला अंतरापेक्षा स्थानकांचा क्रम आणि गाडी कुठे बदलायची हे कळणे महत्त्वाचे, हा त्यामागचा विचार. इथवर वक्त्यांशी मी पूर्ण सहमत होते. पुढे त्यांनी डिझायनर मासिमो व्हिन्येली यांच्या १९७२ च्या न्यूयॉर्क सबवेच्या, म्हणजे तिथल्या भुयारी रेल्वेच्या, नकाशाची तितकीच वाखाणणी केली आणि तो १९७९ मध्ये बदलला गेला याचे खापर प्रवाशांच्या अडाणी नजरेवर फोडले.

हे मला मान्य नाही. त्या नकाशात सुमारे चार किलोमीटर लांब आणि जेमतेम ८०० मीटर रुंद असलेले सेंट्रल पार्क जवळपास चौरस झाले होते, उद्यानांना राखाडी रंग होता आणि पाणी फिकट तपकिरी. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन भागातले बहुतेक रस्ते क्रमांकांनी ओळखले जातात आणि काटकोनात छेदतात, त्यामुळे तिथल्या माणसाच्या डोक्यात शहराचा आराखडा आधीच पक्का असतो, आणि कागदावर तो मोडलेला दिसला की त्याचा गोंधळ उडणारच. आकृती म्हणून व्हिन्येलींचे काम देखणे आहे, यात वाद नाही. पण चौरस आणि वर्तुळाच्या बाबतीत पाहणाऱ्याच्या डोळ्याला अखेरचा शब्द देणाऱ्या वक्त्यांनी प्रवाशांच्या डोळ्यांना तो मान का नाकारावा, हे मला उमगले नाही. प्रश्नोत्तरांत मी हे विचारले, तेव्हा ते हसले आणि व्हिन्येलींच्या रेषांचे कौतुक त्यांनी नव्याने सुरू केले.