तुम्ही विचारलंत म्हणून : गमीचा डबा कुठे ठेवायचा?

गणपतीत मंडळाची पंगत उठली, की कुणीतरी मला हात धुताना गाठतं. आवाज खाली येतो, आधी इकडचं तिकडचं बोलणं होतं आणि मग प्रश्न येतो : "अगं, तू फार्मसीत आहेस म्हणून विचारते. गुडघ्यांसाठी त्या गांजाच्या गमी, म्हणजे जेलीच्या गोळ्या, आणल्यात. किती घ्यायच्या? आणि ठेवायच्या कुठे, फ्रिजमध्ये?" मागच्या काही वर्षांत हा प्रश्न मला पन्नाशीच्या बायकांनी विचारला, नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांनी विचारला, नातवंडं सांभाळायला आलेल्या आजोबांनीही विचारला. दर वेळी उभ्याउभ्या अर्धवट उत्तर दिलं. आज बसून पूर्ण देते.

मी मिसिसागात राहते. कॅनडात 17 ऑक्टोबर 2018 पासून प्रौढांसाठी गांजा कायदेशीर आहे आणि खाण्याचे प्रकार, म्हणजे गमी, चॉकलेट, बिस्किटं, त्यानंतर वर्षभराने कायद्यात बसले. आमच्या ऑन्टारिओत वयाची अट 19 आहे. आम्ही फार्मसीत गांजा विकत नाही, त्याची परवाना असलेली दुकानं वेगळी आहेत. पण त्या दुकानातून आणलेल्या वस्तूबद्दलचे प्रश्न औषधांच्या खिडकीवर येतात. ते यावेत असंच मला वाटतं.

आधी माझ्या घरात घडलेलं सांगते.

नवऱ्याची पाठ दुखते, रात्री झोप लागत नाही. त्याने 5 मिलिग्रॅमच्या गमी आणल्या होत्या. इथे एका पाकिटात एकूण 10 मिलिग्रॅमपेक्षा जास्त टीएचसी, म्हणजे गांजातला नशा आणणारा घटक, ठेवता येत नाही, म्हणून पाकिटात दोनच गोळ्या. वर लाल अष्टकोनी खूण, पिवळा इशारा, आणि लहान मुलांना उघडता येऊ नये असं वेष्टण. ते वेष्टण मोठ्यांनाही लवकर उघडत नाही. रोज रात्री त्याच्याशी झटायला नको म्हणून आम्ही चार-पाच पाकिटं एकदाच फोडून गोळ्या एका छोट्या स्टीलच्या डब्यात भरल्या आणि डबा फ्रिजच्या दारात, लोणच्याच्या बाटलीशेजारी ठेवून दिला. खिडकीमागे उभी राहून लोकांना जे करू नका म्हणून मी सांगते, नेमकं तेच घरी केलं.

सासूबाई सांगलीहून आल्या होत्या. त्यांना मधुमेह आहे. एका दुपारी चारच्या सुमारास त्यांना हातपाय कापल्यासारखं झालं, साखर उतरली असावी असं वाटलं. घरात एकट्याच होत्या. फ्रिज उघडला, डब्यात लाल-केशरी जेलीच्या गोळ्या दिसल्या, तीन खाल्ल्या. त्यांचं काहीच चुकलं नाही. साखर उतरली की गोड खायचं, हे त्यांना आम्हीच शिकवलं होतं.

साडेपाचला मी घरी आले तेव्हा त्या सोफ्याची कड घट्ट धरून बसल्या होत्या. "अगं, पाय जमिनीला लागत नाहीत माझे. जीभ जड झालीय." शब्द अडखळत होते, छाती धडधडत होती. मला अर्धांगवायूची भीती वाटली. 911 ला, म्हणजे इथल्या तातडीच्या मदतीच्या क्रमांकाला, फोन केला. इमर्जन्सीत त्यांच्या मेंदूचा सीटी स्कॅन झाला, सुया टोचल्या, एकामागून एक तपासण्या झाल्या. रात्री नऊला नवऱ्याने घरी जाऊन डबा मोजला, तेव्हा उलगडा झाला. डॉक्टरांनी पहिल्याच मिनिटाला विचारलं होतं, घरात काही औषध, दारू, गांजा? मी "नाही" म्हणाले होते. खोटं बोलायचा विचार नव्हता. "आईंनी गांजा" हे दोन शब्द माझ्या डोक्यात एका वाक्यात बसलेच नाहीत. त्या "नाही"मुळे त्या बाईंना चार तास आपल्याला अर्धांगवायू झालाय याच भीतीत काढावे लागले. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या ठीक झाल्या. मला मात्र ते चार तास अजून आठवतात.

म्हणून "कुठे ठेवायच्या?" याचं उत्तर मी आधी देते आणि "किती घ्यायच्या?" याचं नंतर. ज्या पाकिटात आलं त्याच पाकिटात ठेवा. ते पाकीट कुलपाच्या पेटीत, आणि पेटी स्वयंपाकघराबाहेर, कपाटाच्या वरच्या फळीवर. फ्रिजमध्ये नको, मसाल्याच्या कपाटात नको, देवघराच्या खणात नको, पर्समध्येही नको. नेहमीच्या औषधांच्या डब्यातही नको, कारण चष्मा न लावता अंधारात हात घालणारं माणूस प्रत्येक घरात असतं. खाण्यासारखी दिसणारी वस्तू खाण्याच्या जागी असली की कधीतरी कुणीतरी खाणारच. क्यूबेक प्रांताने गमी आणि चॉकलेटच्या विक्रीला परवानगी दिली नाही. जिथे ती मिळाली, त्या प्रांतांत गांजा पोटात गेल्यामुळे इस्पितळात दाखल होणारी लहान मुलं वाढली. क्यूबेकमध्ये तशी वाढ दिसली नाही. मुलं तीच, घरं तशीच, फरक फक्त वस्तू खाऊसारखी दिसते की नाही एवढाच.

लहान मुलाने खाल्लं तर ते पेंगतं, तोल जातो, हाका मारूनही नीट जागं होत नाही. क्वचित श्वास मंदावतो, झटके येतात. उलटी करवू नका. मूल उठत नसेल, श्वास नीट नसेल, झटके येत असतील, तर थेट 911. एरवी लगेच विषबाधा केंद्राला फोन करा : 1-844-764-7669. क्यूबेकचा क्रमांक वेगळा आहे, तिथे राहणाऱ्यांनी तो आजच टिपून ठेवावा. आणि खरं सांगा. कायदेशीर वस्तू आहे, डॉक्टरांना तुमच्या संस्कारांशी काही देणंघेणं नसतं, त्यांना किती मिलिग्रॅम आणि किती वाजता एवढंच हवं असतं. रिकामं पाकीट सोबत न्या. कुत्र्याने खाल्लं तर प्राण्यांच्या डॉक्टरांनाही हेच सांगा.

आता किती घ्यायच्या. मी नागपुरात वाढले. होळीला थंडाईत भांग घोटली जायची आणि दर वर्षी कुणीतरी एक पेला पिऊन, "छे, काही चढलीच नाही," म्हणत दुसरा रिचवायचं. तासाभराने ते अंगणात आडवं. गमीचं नेमकं तसंच आहे. धूर फुप्फुसातून काही मिनिटांत मेंदूत पोचतो, माणसाला लगेच अंदाज येतो. खाल्लेला गांजा आधी पोटातून यकृतात जातो, तिथे टीएचसीचं रूप बदलतं आणि ते बदललेलं रूप अधिक जोरकस असतं. असर दिसायला अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत वेळ लागतो, तो चार तासांपर्यंत चढत राहतो, बारा तासांपर्यंत टिकतो आणि थोडी गुंगी पूर्ण दिवस राहू शकते. त्यामुळे पहिल्यांदा घेणाऱ्याने 2.5 मिलिग्रॅम, म्हणजे 5 च्या गोळीची अर्धी, घ्यावी आणि त्या दिवशी दुसरी घेऊच नये. दोन तासांत काही झालं नाही तरी नाही. सोबत कुणीतरी असू दे, दुसऱ्या दिवशी सुट्टी असू दे, दारू अजिबात नको. घरी लोण्यात किंवा तुपात गांजा उकळून केलेल्या वड्यांपासून मी सगळ्यांना लांब ठेवते. एका कोपऱ्यातल्या वडीत किती उतरलंय हे करणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

जास्त झालंच तर माणूस फार घाबरतं, आपण मरतोय असं वाटतं. शांत खोलीत कुशीवर झोपवा, पाणी द्या, एकटं सोडू नका. छातीत दुखलं किंवा माणूस उठेनासं झालं तर मात्र वाट पाहू नका.

गुडघ्यांसाठी विचारणाऱ्या काकू-मावश्यांना मी उलट विचारते : रक्त पातळ करायची वॉरफेरिन चालू आहे का? गांजातले घटक, टीएचसी नसलेलं सीबीडीचं (गांजातल्या नशा न आणणाऱ्या घटकाचं) तेलसुद्धा, वॉरफेरिनचा असर वाढवू शकतात. मग रक्तस्रावाची भीती. फिट्सची गोळी? झोपेची गोळी? रात्री बाथरूमला उठताना चक्कर येते का? गांजाने उभं राहताना रक्तदाब उतरतो आणि सत्तरीत मोडलेलं खुब्याचं हाड गुडघेदुखीपेक्षा फार महाग पडतं. हृदयविकार असेल, घरात कुणाला स्किझोफ्रेनिया झालेला असेल, तर माझं उत्तर सरळ नाही असं असतं. गरोदर बाईला आणि अंगावर पाजणाऱ्या आईलाही नाही. टीएचसी चरबीत मुरतं, ते दुधात उतरतं आणि एकदा दूध काढून टाकलं म्हणून जात नाही. पंचविशीच्या आतल्या मुलांना मी थांबा म्हणते, मेंदूची घडण चालू असते. ती ऐकतातच असं नाही, तरी म्हणते.

जे सुका गांजा आणतात त्यांच्यासाठी थोडं. घट्ट झाकणाची काचेची बरणी, अंधारी गार जागा, आणि तीही त्याच कुलपात. ऊन आणि हवा लागली की टीएचसी हळूहळू मोडतं. दमट राहिला की बुरशी धरतो. पावसाळ्यातल्या पोत्यासारखा कुबट वास आला तर फेकून द्या, विशेषतः घरात केमोथेरपी चालू असलेलं कुणी असेल तर. फेकताना वापरलेल्या चहाच्या चोथ्यात मिसळून, पिशवी बांधून टाका.

विद्यार्थ्यांनो, हे तुमच्यासाठी. रात्री घेऊन सकाळी गाडी चालवू नका. ऑन्टारिओत जी1, जी2 या नवशिक्यांच्या परवानाधारकांना आणि 21 वर्षांपर्यंतच्या चालकांना गांजाच्या बाबतीत शून्य सवलत आहे. नशेत गाडी चालवण्याची कमाल शिक्षा डिसेंबर 2018 पासून दहा वर्षं झाली, त्यामुळे तो गुन्हा इमिग्रेशनच्या दृष्टीने गंभीर गुन्ह्यांत मोडतो. दंड भरून सुटलो असं वाटतं आणि पीआरची, म्हणजे कायमच्या वास्तव्याची, फाइल तिथेच अडते.

शेवटचा प्रश्न नेहमी डिसेंबरमध्ये येतो : "भारतात जाताना आईसाठी दोन पाकिटं नेऊ का?" नाही. कॅनडाच्या सीमेपलीकडे गांजा नेणं इथेच गुन्हा आहे, प्रमाण कितीही असो, डॉक्टरांची चिठ्ठी असली तरी. आणि मुंबईत उतरलात की 1985 चा एनडीपीएस, म्हणजे अंमली पदार्थांविरुद्धचा, कायदा आहे. सासूबाई परत निघाल्या तेव्हा मी त्यांच्या दोन्ही बॅगा रिकाम्या करून पुन्हा भरल्या. त्या खुर्चीवर बसून बघत होत्या. चिवड्याच्या डब्याचं झाकण मी उघडलं तेव्हा म्हणाल्या, "त्याच्यात चिवडाच आहे गं." तरी मी पाहिलं.