मराठी चालतं, इमोजी का अडतो?

आजचा अख्खा दिवस एका हसऱ्या चेहऱ्याने खाल्ला. 🙂 फॉर्ममधला मराठी मजकूर बिनबोभाट सेव्ह होतो, पण त्यात एक इमोजी आला की सर्व्हर ५०० (म्हणजे 'आत काहीतरी बिघडलं') फेकतो. लॉगमध्ये 'इनकरेक्ट स्ट्रिंग व्हॅल्यू'.

दोष मायएसक्यूएल या डेटाबेसच्या जुन्या 'यूटीएफ८' कॅरेक्टर सेटचा, म्हणजे अक्षरं बाइटांत साठवायच्या पद्धतीचा. नाव मोठं, पण एका चिन्हाला जास्तीत जास्त ३ बाइट. देवनागरी नेमकी ३ बाइटांत बसते ('का' म्हणजे क ३, काना आणखी ३), म्हणून मराठी साइटवर ही खोट वर्षानुवर्षं लपून राहते. बहुतेक इमोजींना ४ लागतात. मोडी लिपीलाही ४च, बरं का! स्ट्रिक्ट मोड (चुकीचा डेटा नाकारणारं सेटिंग) बंद असेल तर एररही येत नाही, इमोजीपासून पुढचा मजकूर गुपचूप कापला जातो. हे जास्त वाईट.

उपाय 'यूटीएफ८एमबी४', म्हणजे ४ बाइटांपर्यंत जागा देणारा कॅरेक्टर सेट. नुसती 'अल्टर डेटाबेस' कमांड दिली तर बदल फक्त नव्या टेबलांना लागू होतो. जुन्या प्रत्येक टेबलावर 'कन्व्हर्ट टू कॅरेक्टर सेट' चालवावं लागतं. आधी बॅकअप घ्या. तेवढा वेळ टेबलात लिहिणं थांबतं, त्यामुळे मोठी टेबलं रात्रीच.

मग इंडेक्स (शोध वेगवान करणारी डेटाबेसची सूची) कुरकुरतो. जुनी मर्यादा ७६७ बाइट. २५५ अक्षरांचा कॉलम असेल तर २५५ गुणिले ३ म्हणजे ७६५, जेमतेम बसायचं. गुणिले ४ केलं की १०२०. एकतर इंडेक्स १९१ अक्षरांवर आणा, नाहीतर टेबलाचा रो फॉरमॅट (ओळी साठवायची पद्धत) डायनॅमिक करा. मायएसक्यूएल ५.७ पासून तोच डीफॉल्ट आहे आणि मर्यादा ३०७२ बाइट.

एवढं करूनही इमोजी टिकत नाही? ॲपच्या कनेक्शन सेटिंगमधला कॅरेक्टर सेट बघा. तिथे हटकून जुनंच नाव राहिलेलं असतं.