तुम्ही विचारलंत म्हणून: नवा फोन घेऊ का?

नवं मॉडेल बाजारात आलं की ओळखीतलं कुणीतरी विचारतंच, "माझा फोन तीन वर्षांचा झालाय, आता हा घेऊन टाकू का?" नव्या फोनबद्दल मी लगेच काही बोलत नाही. आधी हातातला फोन मागून घेते.

मागच्या महिन्यात मैत्रिणीने असाच फोन पुढे केला. "फार स्लो झालाय गं, आणि फोटोही पांढुरके येतात." सेटिंग्जमध्ये बॅटरीची क्षमता बघितली, ७८ टक्के. मग लेन्स उजेडात धरली, तर तिच्यावर बोटाचा तेलकट ठसा. ओढणीच्या टोकाने पुसली आणि खिडकीतल्या कुंडीचा फोटो काढला. पानाच्या शिरासुद्धा स्पष्ट आल्या.

स्लो होण्याचं मूळ बरेचदा बॅटरीत असतं. लिथियम-आयन बॅटरी जुनी झाली की एकदम जास्त वीज पुरवताना तिचा विद्युतदाब (व्होल्टेज) खाली येतो. फोन अचानक बंद पडू नये म्हणून काही फोन स्वतःच प्रोसेसरचा वेग कमी करतात, आणि आपल्याला वाटतं फोन म्हातारा झाला. ॲपलच्या सांगण्यानुसार आयफोन १४ पर्यंतच्या बॅटऱ्या ५०० पूर्ण चार्जनंतर आणि आयफोन १५ च्या १००० नंतर मूळच्या ८० टक्के क्षमता राखतात, तीही सगळं आदर्श असेल तर. मैत्रिणीने बॅटरी बदलून घेतली. नव्या फोनचा विषय तिने अजून काढलेला नाही. (बॅटरी फुगून मागचं कव्हर उचललं गेलं असेल, तर मात्र फोन वापरणं आणि चार्ज करणं त्याच क्षणी थांबवा.)

मेगापिक्सेल, थोडा जास्त चकचकीत स्क्रीन, यासाठी कुणी फोन बदलावा असं मला वाटत नाही.

एका बाबतीत मात्र मी हट्टाने "बदला" म्हणते. सिक्युरिटी अपडेट, म्हणजे फोनमधल्या सुरक्षेच्या त्रुटी बुजवणारे बदल, बंद झाले असतील तर. गूगलचा पिक्सेल ८ आणि सॅमसंगचा गॅलेक्सी एस२४ या मॉडेलना सात वर्षं अपडेट देण्याचा शब्द कंपन्यांनी दिलाय, पण त्याआधीच्या कित्येक फोनना इतकं आयुष्य मिळालं नाही. माझ्या काकांचा फोन झकास चालायचा, काचेवर ओरखडासुद्धा नव्हता. शेवटच्या सिक्युरिटी अपडेटची तारीख पाहिली तर अडीच वर्षांपूर्वीची. बँकेचं ॲप, ओटीपी, सगळं त्याच फोनवर. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी काकांसोबत बसून नवा फोन निवडला, आणि निवडताना पहिला प्रश्न हाच विचारला: याला अपडेट किती वर्षं मिळणार?